पिशवी काढायची की आधी तपासायची?

बारामती शहराला लागून असलेल्या आणि आता नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीत आम्ही काही सामाजिक कार्यकर्ते महिलांची आरोग्य बैठक घेतो. बैठकीला येणाऱ्या महिला उपबाजारात माल निवडतात, एमआयडीसीत पॅकिंगला जातात, चार घरची धुणीभांडी करतात. हंगामात काही जणी इंदापूरच्या बाजूला उसाच्या फडावरही असतात. सुरुवातीला चर्चा रेशन, घरकुल आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची होते. बायकांचे खरे दुखणे बाहेर येते ते बैठक संपल्यावर, चपला घालता घालता.

अशाच एका बैठकीनंतर ३८ वर्षांची एक ताई म्हणाली, "आमच्या घरात तिघींच्या पिशव्या काढल्यात. आता माझीच राहिली." अंगावरून पांढरे जात होते, म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल," असे तिला सांगण्यात आले. कोणतीही चाचणी झाली नव्हती. पैशासाठी गंठण मोडायचे ठरले होते.

तिच्याच शेजारी ५६ वर्षांची एक मावशी बसली होती. पाळी जाऊन तिला सहा वर्षे झाली होती. मात्र गेले वर्षभर मधूनमधून लाल जात होते. तिने हे कोणालाच सांगितले नव्हते. "आता या वयात काय सांगायचं? पोरं काय म्हणतील?" एवढेच ती म्हणाली.

ताईला ऑपरेशनची गरज नव्हती. सरकारी रुग्णालयातल्या तपासणीत साधा जंतुसंसर्ग निघाला आणि तो गोळ्यांनी बरा झाला. मावशीला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, तोही तिसऱ्या टप्प्याचा. जिला काही झाले नव्हते तिला कॅन्सरची भीती घातली गेली आणि जिला कॅन्सर होता तिला कोणी विचारलेही नाही. दोघी एकाच गल्लीत राहतात. हा लेख त्या दोघींमुळे लिहीत आहोत. या आजारांवर जे संशोधन झाले, त्यातले फार मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारख्याच बायकांच्या सहभागाने झाले आहे. ते त्यांच्या वस्तीपर्यंत मात्र पोहोचलेले नाही.

'पिशवीचा कॅन्सर' हा एक आजार नाही

आपण बोलताना सगळ्याला 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतो. प्रत्यक्षात यात मुख्यतः तीन वेगळे आजार येतात आणि तिघांची लक्षणे, तपासणी आणि उपचार वेगळे आहेत.

पहिला गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा. भारतात स्तनांच्या कर्करोगाखालोखाल महिलांमध्ये हाच सर्वाधिक आढळतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू होतात. संभोगानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा लाल जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही याची लक्षणे. सुरुवातीच्या काळात मात्र कोणतेच लक्षण नसते.

दुसरा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव हे याचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण. लठ्ठपणा आणि मधुमेह असेल तर धोका वाढतो. वेळेवर आलेल्या रुग्ण बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.

तिसरा अंडाशयाचा. पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात सतत दुखणे, वारंवार लघवीला जाणे अशी याची साधी वाटणारी लक्षणे असतात. त्यामुळे बायका महिनोन्महिने 'गॅस'च्या गोळ्या खात राहतात. लक्षणे नसलेल्या सरसकट महिलांसाठी याची उपयुक्त चाचणी अजून सापडलेली नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दरवर्षी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून अशी लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवणे, हाच मार्ग उरतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे कारण माहीत आहे, त्याला रोखणारी लस आहे आणि तो होण्याच्या कितीतरी वर्षे आधी तो पकडता येतो. तरीही तो आपल्या बायकांना मारतो. म्हणून पुढचा भर त्याच्यावर.

कारण एक विषाणू आहे, चारित्र्य नाही

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा या कर्करोगाचे मूळ कारण आहे. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउसेन यांनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिले आणि त्यासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना जबाबदार आहेत.

हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे खरे. पण तो इतका सर्वसाधारण आहे की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. या आजारावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणारा माणूस अडाणी तरी असतो किंवा दुष्ट तरी. वस्तीत कोणी तसे बोलले तर तिथेच टोकले पाहिजे. बदनामीच्या भीतीने एकेक बाई वर्षभर गप्प बसते आणि त्या वर्षाची किंमत जीव देऊन मोजते.

काही महिलांच्या शरीरात हा विषाणू टिकून राहतो. मग गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलतात. या बदलाचा कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. एचआयव्हीबाधित महिलेवर उपचार सुरू नसतील तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. म्हणजे निसर्ग आपल्याला पुरेसा वेळ देतो. प्रश्न आहे तो या वेळात एकदा तरी तपासणी होते का, याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या महिला फक्त १.९ टक्के होत्या. शंभरातल्या दोघीही नाहीत.

बार्शीने जगाला काय शिकवले?

इंदापूर ओलांडले की सोलापूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या बार्शीचे नाव जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना माहीत आहे, आपल्याला मात्र नाही. १९८७ मध्ये बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून कोणाला कोणता कर्करोग झाला, याची नोंद होऊ लागली. तेव्हा दिसले की गावातल्या बायकांना सर्वाधिक ग्रासणारा कर्करोग गर्भाशयमुखाचाच आहे.

पुढे १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला त्यात होत्या. त्यांच्या गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे गट चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची चाचणी झाली, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाची चाचणी. चौथ्या भागात विशेष तपासणी झाली नाही, नेहमीची आरोग्यसेवाच चालू राहिली. प्रत्येक महिलेची चाचणी एकदाच झाली. दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले आणि पुढे सुमारे आठ वर्षे सर्वांचा पाठपुरावा झाला.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या भागात ३४,१२६ महिलांमागे या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सेवेच्या भागात ३१,४८८ महिलांमागे ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगर चाचणी एकदाच करून मात्र मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणी निर्दोष आलेल्या महिलांना पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाणही फार कमी होते. पॅप किंवा व्हिनेगर चाचणी निर्दोष आलेल्यांमध्ये ते चार पटींहून जास्त भरले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. या भूमिकेला ज्या अभ्यासांचा आधार आहे, त्यांत आपल्याच राज्यातल्या शेतमजूर बायकांचा हा अभ्यास आहे.

मग व्हिनेगरची चाचणी निरुपयोगी आहे का? नाही. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाच्या आसपास महिलांवर दुसरा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन तीच चाचणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. १२ वर्षांनंतर दिसले की मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ही चाचणी एकदा चुकू शकते, पण ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केली तर जीव वाचवते. आणि त्यासाठी मोठ्या डिग्रीची गरज नाही. वस्तीतली दहावी पास मुलगी नीट शिकवली तर हे काम करू शकते, हे मुंबईने सिद्ध केले.

ज्यांची तपासणी झाली नाही त्यांचे काय?

आपण चळवळीतली माणसे आहोत, म्हणून पुढचा प्रश्न टाळता येत नाही. या अभ्यासांच्या तुलना गटांतील हजारो महिलांची तपासणी झाली नाही. अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी यावर जोरदार आक्षेप घेतला. पॅप चाचणीचा उपयोग आधीपासून माहीत असताना गरीब महिलांना वर्षानुवर्षे तपासणीविना ठेवणे योग्य होते का? त्यांना पर्यायांची पुरेशी माहिती देऊन संमती घेतली होती का? संशोधकांचे उत्तर होते की देशात तेव्हा तपासणीची व्यवस्थाच नव्हती, म्हणून 'नेहमीची सेवा' म्हणजे काहीच नाही, हीच वस्तुस्थिती होती.

आमचे मत असे की दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. ज्या बायकांच्या मृत्यूची संख्या त्या तक्त्यांत आहे, त्या बहुतांश गरीब होत्या. त्यांच्या मोबदल्यात मिळालेले ज्ञान त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचले नाही, तर तो खरा अन्याय ठरेल.

लसीच्या बाबतीतही असेच घडले. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण पालकांऐवजी मुख्याध्यापक आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचे उघड झाले. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. लस सुरक्षित असली तरी संमतीत केलेली ही लबाडी माफ होत नाही. आणि संमतीत लबाडी झाली म्हणून लसच वाईट, असेही ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

या गदारोळात लसीच्या डोसांची तुलना करणारा दुसराच एक अभ्यासही बंद पडला. त्याच्या केंद्रांत बार्शी आणि पुणेही होते. लसीकरण मधेच थांबल्याने जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी या मुलींचा दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की एक डोसही १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या स्वदेशी लसीला २०२२ मध्येच परवानगी मिळाली आहे. लस ९ ते १४ वयात, संसर्ग होण्याआधी, सर्वांत उपयोगी पडते. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. म्हणून लस मुलीला आणि तपासणी आईला, असे साधे सूत्र लक्षात ठेवावे.

उपचार: ऑपरेशन म्हणजेच उपचार नव्हे

तपासणीत फक्त पेशींचा बदल आढळला, कर्करोग नाही, तर पिशवी काढावी लागत नाही. तो भाग उष्णतेने किंवा अतिशीत वायूने नष्ट करतात किंवा तारेच्या वेटोळ्याने तेवढाच तुकडा काढतात. पहिल्या दोन पद्धतींना काही मिनिटे लागतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

कर्करोग अगदी सुरुवातीचा असेल तर मोठी शस्त्रक्रिया करता येते. तो आजूबाजूला पसरू लागला असेल तर रेडिएशन आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध, हा मुख्य उपचार. गावाकडे रेडिएशनला 'लाईट देणे' किंवा 'शेक' म्हणतात. बाहेरून शेक दिल्यानंतर शेवटी योनीमार्गातून आतला शेक द्यावा लागतो. तो वगळला तर उपचार अपुरा राहतो. अनेक बायका लाजेने किंवा भीतीने नेमका तोच टाळतात.

टाटा रुग्णालयाचे दोन अभ्यास इथे महत्त्वाचे आहेत आणि दोन्ही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात तिसऱ्या टप्प्याच्या ८५० महिला होत्या. नुसत्या रेडिएशननंतर पाच वर्षांनी शंभरपैकी ४६ जणी हयात होत्या, सिस्प्लॅटिन जोडल्यावर ५४. सिस्प्लॅटिन हे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध आहे. शंभरामागे आठ आयांचा जीव त्याने जास्तीचा वाचला. म्हणून 'तिसरा टप्पा म्हणजे संपलं, आता घरी न्या' असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे.

दुसऱ्या अभ्यासात ६३३ महिला होत्या. एका गटाला आधी किमो देऊन मग शस्त्रक्रिया केली, दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेविना किमोसह रेडिएशन दिले. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के आणि रेडिएशनच्या गटात ७६.७ टक्के होते. 'कापून काढलं की मूळच गेलं' ही आपली समजूत या आजाराला लागू पडत नाही.

संशोधन पुढे चालूच आहे. टाटाच्या डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या गटाने शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घ्यावे लागणाऱ्या ३०० महिलांचा अभ्यास केला. रोज प्रतिमा पाहून अचूक दिलेल्या आधुनिक रेडिएशनमुळे आतड्यांचे मध्यम व गंभीर त्रास तीन वर्षांत ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. बाई जगली एवढेच पुरेसे नाही, ती धडपणे जेवू शकली पाहिजे, कामाला जाऊ शकली पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. २०२४ मध्ये भारतासह पाच देशांतील ५०० महिलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मुख्य उपचाराआधी सहा आठवडे किमो दिल्यास पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. त्यातलीही दोन औषधे जुनी आणि सहज मिळणारी आहेत.

पण कागदावरचा उपचार आणि जळोचीच्या मावशीचा उपचार यांत मोठे अंतर आहे. सगळे रेडिएशन साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावे लागते. मधे खंड पडला तर परिणाम कमी होतो. मावशीसाठी याचा अर्थ होता आठवड्यातले पाच दिवस पुण्यात राहणे, रोजगार बुडवणे आणि नातवंडांना कोणाकडे तरी सोडणे. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "बास झालं, मला आता बरं वाटतंय." रक्त थांबले होते, म्हणून तिला आजार गेला असे वाटले. तेव्हा वस्तीतल्या चार मुलींनी पाळ्या लावल्या. कोणी तिच्यासोबत राहिले, कोणी घरी भाकरी केल्या. उपचार पूर्ण झाले. आता ती दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. पुढे काय होईल ते काळ सांगेल, पण उपचार अर्धवट सुटला नाही, हे त्या चार मुलींमुळे.

ज्यांच्या पिशव्या विनाकारण गेल्या

आता ताईच्या प्रश्नाकडे वळू. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के आहे. दोन्ही आकडे वेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत, तरीही एवढी तफावत डोळ्यांत भरतेच.

याची कारणे फक्त दवाखान्यात नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पाळीत दुखते म्हणून एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही. त्यातून संसर्ग होतो, अंगावरून जाते, कंबर दुखते. मग कोणी म्हणते की पोरं झालीत, पिशवीचं काम काय, कटकट काढून टाक. बाई जणू स्वतःच निर्णय घेते, पण तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलेला असतो का? बीडच्या टोळ्या आपल्या बारामती-इंदापूरच्या कारखान्यांनाही येतात. त्या महिला आपल्या शिवारात सहा महिने राहतात. हा प्रश्न आपलाही आहे.

कमी वयात पिशवीसोबत अंडाशयेही काढली तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. पिशवी काढण्याची खरी कारणेही असतात, जसे औषधांनी न थांबणारा अतिरक्तस्राव, मोठ्या गाठी किंवा कर्करोग. पण नुसते पांढरे जाणे हे कारण नव्हे. आणखी एक धोका आहे. आधी तपासणी न करता साधी पिशवी काढली आणि नंतर अहवालात कर्करोग निघाला, तर ते ऑपरेशन अपुरे ठरते आणि पुढचा उपचार अवघड होतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

बायकांच्या या दुखण्यांचे प्रमाण किती आहे, हे सर्वप्रथम जगासमोर आणले तेही महाराष्ट्रानेच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० महिलांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के महिलांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्याला आता साडेतीन दशके उलटून गेली. जळोचीच्या बैठकीत आम्ही हात वर करायला सांगितले, तेव्हा वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजता आले.

आपण काय करायचे?

बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात कामगार महिलांच्या प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली होती. बाईच्या शरीरावर पडणारा भार ही समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. आजारी भिक्षूची सेवा स्वतःच्या हाताने करणारे तथागत आपले शास्ते आहेत आणि ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नका, हीही त्यांचीच शिकवण. तेव्हा तरुणांनी पुढील कामे हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.

१. विहारात महिन्यातून एक बैठक महिलांच्या आरोग्याची ठेवा. आशाताई आणि आरोग्यसेविकेला बोलवा. पुरुषांसाठी वेगळी बैठक घ्या, कारण पैसे आणि परवानगी अजून त्यांच्याच हातात आहे.

२. वस्तीतील ३० वर्षांवरील महिलांची यादी करा. शासनाच्या कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या महिलांची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बारामतीच्या सरकारी रुग्णालयात ती कोणत्या दिवशी होते, हे विचारा. होत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एचपीव्ही चाचणीची मागणी त्याच अर्जात करा.

३. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांना या कर्करोगाचा धोका सुमारे सहा पट असतो. त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी. त्यांची नावे फुटणार नाहीत, याची काळजी घ्या.

४. कोणी 'पिशवी काढा' म्हटले तर चार प्रश्न विचारायला शिकवा. नेमका आजार कोणता? कोणती चाचणी झाली, अहवाल कुठे आहे? औषधाने बरे होईल का? अंडाशये ठेवणार की काढणार? मग सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या.

५. कर्करोग निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय गाठा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन त्यात येतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. रेल्वेत कर्करोग रुग्णाला सवलत आहे, एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे.

६. उपचार सुरू झाले की ते पूर्ण होईपर्यंत सोबत राहा. जळोचीच्या चार मुलींनी केले ते कोणत्याही वस्तीला करता येईल.

ताईचे गंठण मोडले नाही. गेल्या बैठकीला तिने स्वतःहून दोन जावांना सोबत आणले होते. त्यांच्या पिशव्या आधीच काढलेल्या आहेत. धाकट्या जावेने विचारले, "माझी पोरगी बारा वर्षांची हाय, तिला ती लस कुठं मिळंल?" तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी पुढच्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन आरोग्य केंद्रात जाणार आहोत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी ताई आणि एखादी मावशी असेलच. आधी तिला विचारा.